कोकणातली होमस्टे, छोटी हॉटेलं आणि पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यापासून थोडं आत, आमचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या विहिरीने तळ गाठला. घरात चौदा पाहुणे होते, अंगाला साबण लावलेला एक माणूस बाथरूममधून हाका मारत होता आणि खालच्या वाडीतल्या दोन वहिन्या रिकामे हंडे घेऊन आमच्या विहिरीवरून परत गेल्या. त्या दोघी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी पाण्याचा हिशेब ठेवते. आसपासचे होमस्टेवाले, नवीन हॉटेल काढणारी मुलं आणि कधी कधी पाहुणेसुद्धा फोनवर, व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकणात एवढा धो धो पाऊस पडतो, मग मे महिन्यात पाण्याची ओरड का?

पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या पायाखाली जांभा आहे. जांभा चाळणीसारखा असतो. पाणी आत घेतो आणि उतारावर कुठेतरी झरा करून सोडूनही देतो. तिथून ते पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पऱ्ह्यातून खाडीला. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे नद्याही आखूड. दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर होळीनंतर भराभर खाली जाते.

त्यात शाळांना सुट्टी मे महिन्यात. म्हणजे सर्वांत जास्त पाहुणे आणि सर्वांत कमी पाणी एकाच महिन्यात येतात. आपल्या धंद्यातली पाण्याची अडचण ही आहे. वर्षाचं गणित कागदावर सुटतं, पण १५ एप्रिल ते पहिला पाऊस हे दिवस सुटत नाहीत. पुढची सगळी उत्तरं याच दिवसांसाठी आहेत.

२. आमचं हॉटेल महाबळेश्वरला (किंवा माथेरानला) आहे. हे आम्हाला लागू होतं का?

बरंचसं होतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तरी महाबळेश्वर-पाचगणीची तहान वेण्णा तलावावर आणि उन्हाळ्यातल्या काटकसरीवर भागते. माथेरानला शार्लोट तलाव आहेच, पण खाली नेरळच्या बाजूने उल्हास नदीचं पाणी पंपाने डोंगरावर चढवावं लागतं. तिथे सांडलेल्या प्रत्येक बादलीत विजेचाही पैसा आहे. विहिरीबद्दलचे प्रश्न (४, १३) तुम्ही सोडून दिलेत तरी चालतील.

३. एक पाहुणा दिवसाला किती पाणी वापरतो असं धरायचं?

इमारतींसाठीच्या भारतीय मानकात साध्या हॉटेलसाठी खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात, पंचतारांकितसाठी ३२०. खानावळीला प्रत्येक खुर्चीमागे ७० लिटर. शहरातल्या घरात माणशी १३५ लिटर, आणि जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी ५५ लिटर.

शेवटचे दोन आकडे पहिल्याशेजारी ठेवून बघा. खाटेवरचा पाहुणा वाडीतल्या माणसाच्या तिपटीहून जास्त पाणी वापरतो, आणि पुष्कळ ठिकाणी पाणी एकाच झऱ्याचं असतं. पाहुणा उधळ्या असतो असं नाही. तो समुद्रावरून आल्यावर अंघोळ करतो, सकाळी पुन्हा करतो, त्याची चादर आपण धुतो, त्याचे मासे आपण साफ करतो. हे सगळं त्याच्या नावावर पडतं.

नियोजनासाठी सुरुवातीला १८० धरा. नंतर स्वतः मोजा आणि स्वतःचा आकडा वापरा. आमचा आधी दीडशेच्या वर होता. आता जेवणासकट शंभराच्या आत-बाहेर असतो, आणि पाहुण्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

४. आमच्याकडे नळाचं मीटर नाही, विहीर आहे. मोजायचं कसं?

दोन गोष्टी मोजायच्या : विहिरीत किती आहे आणि आपण किती काढतो.

विहिरीसाठी सुंभाचा दोर घ्या, टोकाला दगड बांधा आणि दर फुटावर गाठ मारा. दर सोमवारी सकाळी, मोटर लावायच्या आधी, दोर सोडा. दगड तळाला टेकला की वर ओढून किती गाठी ओल्या झाल्या ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एका फुटाला सुमारे २,२०० लिटर पाणी असतं. तेरा फूट व्यास असेल तर सुमारे ३,७५० लिटर.

नुसती पातळी पुरत नाही, विहीर परत किती भरते तेही हवं. संध्याकाळी उपसा थांबवल्यावर पातळी बघा, पहाटे पुन्हा बघा. रात्रभरात किती गाठी चढल्या, तेवढी तुमच्या झऱ्याची कमाई. मार्चमध्ये आमची विहीर रात्रीत दोन फूट चढते, मेच्या मध्यावर अर्धा फूटही चढत नाही. दिवसाचा उपसा रात्रीच्या चढावापेक्षा जास्त झाला की आपण साठ्यातून खातोय हे समजावं.

काढलेलं पाणी मोजायला मोटरच्या पुढच्या पाइपवर साधं पाण्याचं मीटर बसवा. ते जमत नसेल तर गच्चीवरची टाकी दिवसातून किती वेळा भरली ते वहीत मांडा. रोज रात्री त्या आकड्याला त्या दिवशीच्या माणसांच्या संख्येने भागा. कामाची माणसं धरायला विसरू नका. महिनाभर हे केलंत की गळती आपोआप दिसते. एखाद्या मंगळवारी घरात चारच माणसं असताना टाकी दोनदा भरलेली असते.

५. सर्वांत जास्त पाणी कुठे वाया जातं?

जिथे कुणी बघत नाही तिथे. गच्चीवरची टाकी भरून वाहते हा पहिला मान. मोटर मिनिटाला ५० लिटर चढवत असेल आणि बंद करायला दहा मिनिटं उशीर झाला, तर ५०० लिटर पन्हळीवाटे अंगणात. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हे सर्वांत स्वस्त औषध आहे.

दुसरा मान फ्लशच्या टाकीचा. आतलं रबर झिजलं की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग दिसला की रबर बदला. गळक्या नळाचा हिशेब सोपा आहे : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण २० लिटर, वाडीत एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. पाहुणा निघून गेल्यावर खोली झाडणाऱ्या बाईंना आम्ही एकच काम वाढवून दिलं : सगळे कॉक बंद करून दोन मिनिटं कान द्यायचा. गळती शोधण्यात त्या प्लंबरपेक्षा तरबेज झाल्या आहेत, आणि प्रत्येक गळतीमागे त्यांना वेगळे पैसे मिळतात.

६. शॉवर काढून टाकू का? बादलीच ठेवली तर?

काढू नका, बदला. जुन्या धाटणीच्या शॉवरमधून मिनिटाला १५ लिटर सहज जातात. आठ मिनिटांत १२० झाले. मिनिटाला ६-७ लिटरचा शॉवर बसवला की तीच अंघोळ ५५ लिटरच्या आसपास होते, आणि बादली-तांब्याने तीसेक लिटरमध्ये. आम्ही दोन्ही ठेवतो. पितळी तांब्या आणि स्वच्छ बादली दिसली की निम्मी माणसं आपणहून तिकडे वळतात, विशेषतः ज्यांचं बालपण न्हाणीघरात गेलंय ती. गुडघे धरणाऱ्या आजींना मात्र स्टूल आणि हातातला शॉवर हवाच, त्यात काटकसर करू नये.

बेसिनच्या नळाला जाळीचा एरेटर लावा. पाण्यात हवा मिसळते, धार भरघोस वाटते आणि पाणी निम्म्याच्या आसपास येतं. आमच्या पाण्यात जांभ्याची बारीक माती असते, त्यामुळे जाळी दर पंधरा दिवसांनी उघडून व्हिनेगरमध्ये धुवावी लागते. ते केलं नाही तर धार बारीक होते आणि पाहुणा नळ जास्त वेळ सोडून ठेवतो.

किनाऱ्यावर असाल तर अंगणात, माडाच्या बुंध्याशी, दाबायचा नळ आणि हातभर उंचीवर एक साधा शॉवर बसवाच. समुद्रावरून आलेली मुलं पायाची वाळू तिथे धुतात. पाणी माडाला जातं आणि बाथरूमची जाळी वाळूने तुंबत नाही.

७. गरम पाणी येईपर्यंत लोक थंड पाणी सोडून देतात. काय करायचं?

ही गळती कुणी मोजतच नाही. सोलर हीटर गच्चीवर, बाथरूम खाली, मधे वीस मीटर पाइप. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं, म्हणजे वीस मीटरमध्ये पाच-सहा लिटर थंड पाणी अडकलेलं असतं. ते आधी बाहेर येणार, आणि बाहेर येताना बहुतेक वेळा सरळ गटारात.

नवीन बांधकाम असेल तर हीटर बाथरूमच्या डोक्यावर घ्या, गरम पाण्याचा पाइप अर्धा इंची ठेवा आणि त्यावर फोमचं वेष्टण चढवा. जुन्या घरात नळाखाली एक रंगीत बादली ठेवा आणि भिंतीवर लिहा : ‘गरम येईपर्यंतचं पाणी इथे धरा, फ्लशला वापरू.’ वीस-पंचवीस खोल्यांच्या हॉटेलला गरम पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन परवडते. सहा खोल्यांना नाही.

८. फ्लशसाठी काय बसवावं?

तीन आणि सहा लिटरचं दुहेरी बटण. जुन्या टाक्या एका वेळेला नऊ-दहा लिटर सोडतात. ती बदलायला पैसे नसतील तर टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली उभी करा. वीट टाकू नका, ती झिजते आणि तिचा चुरा रबराखाली अडकतो.

९. चादरी-टॉवेल रोज बदलले नाहीत तर पाहुणे नाराज होतात का?

विचारून केलं तर होत नाहीत. मुक्काम तीन रात्रींपर्यंत असेल तर चादर बदलायची नाही, मागितली तर लगेच द्यायची. टॉवेल दोरीवर वाळत असेल तर तो वापरात आहे असं समजायचं. मात्र दोरी उन्हात आणि वाऱ्यावर हवी. दमट कोकणात बंद बाथरूममध्ये टॉवेलला वास येतो, आणि मग पाहुणा नवा मागतो ते बरोबरच आहे.

वरून कपडे टाकायचं घरगुती मशीन एका घाण्याला शंभर लिटरच्या पुढे पाणी घेतं, पुढून दार असलेलं त्याच्या निम्म्यात भागवतं. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. पांढऱ्या चादरीचा हट्टही सोडा. आमच्याकडे फिक्या मातकट रंगाच्या आहेत, आणि जांभ्याच्या मातीचे डाग काढायला दुसऱ्यांदा धुवावं लागत नाही.

१०. स्वयंपाकघरात कुठे वाचवता येईल?

मासे साफ करताना आणि भांडी विसळताना. वाहत्या नळाखाली मासे धुवायची सवय शहरातून आली. आपल्या आया घमेल्यात दोन पाण्यांनी धूत असत. पहिलं पाणी माडाला, दुसरं चालतं तिथे. भांड्यांसाठी आधी खरकटं निपटून काढायचं, मग तीन घमेली : साबणाचं, पहिलं विसळण, दुसरं विसळण. शेवटच्या घमेल्यातलं पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात घ्यायचं. मे महिन्यात आम्ही दुपारचं जेवण केळीच्या पानावर वाढतो. पाहुण्यांना आवडतं, ताटं धुवायची वाचतात आणि पानं गुरांना जातात.

११. आरओ मशीन लावावं का?

आधी पाणी तपासून घ्या. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकून देतं. कोकणातल्या विहिरींच्या पाण्यात क्षार बहुधा कमीच असतात, तिथे गाळणी आणि यूव्ही पुरतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या आत असाल तर आरओची गरज नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यानंतर एकदा आणि मेमध्ये एकदा नमुना द्या. खारट विहीर असेल तर प्रश्न १३ वाचा. आरओ लावावंच लागलं तर टाकलेलं पाणी पिंपात धरून लादी पुसायला घ्या.

१२. पागोळ्यांचं पाणी साठवलं तर मे महिना निघेल का?

काही अंशी, आणि या ‘काही अंशी’चं गणित करूनच खर्चात पडा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं, तर २ लाख ४० हजार लिटर होतात. डोळे दिपतात. पण विहीर काठोकाठ असताना हे पाणी येतं. लागेल ते मेमध्ये, तोवर ठेवायचं कुठे?

१५ पाहुणे, माणशी १०० लिटर, ४५ दिवस : ६७,५०० लिटर. म्हणजे पाच मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी. छोट्या होमस्टेला ती झेपत नाही. आम्ही २० हजार लिटरची बंद टाकी बांधली आणि ती फक्त पिण्या-रांधण्याला ठेवली. ती मे संपेपर्यंत पुरते. विहिरीवरचा तेवढा भार कमी होतो, आणि मुख्य म्हणजे विहीर रुसली तरी पाहुण्याला प्यायला पाणी असतं.

टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची घाण असते. त्यासाठी पन्हळीच्या तोंडाशी खालच्या बाजूला एक बुचाचा फाटा ठेवायचा. सुरुवातीला बुच काढलेलं, छप्पर धुऊन निघालं की लावलेलं. गाळणीत खडी, वाळू, कोळसा. पाणी न गाळता विहिरीत सोडू नका.

टाकीला पैसे नसतील तर वनराई बंधाऱ्याकडे बघा. पावसाळा सरल्यावर, पऱ्ह्याची धार असेपर्यंत, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून आडवा बांध घालायचा. वाडीतली पंधरा माणसं एका दिवसात घालतात. विहीर पऱ्ह्याच्या जवळ आणि बांधाच्या आसपास असेल तर तिचं पाणी उतरायला उशीर होतो. चुलतभावाच्या विहिरीला याने तीन आठवडे जास्त मिळाले. आमची विहीर उंचावर आहे, तिला काही फरक पडला नाही. म्हणून जागा बघून ठरवा.

१३. सरळ बोअरवेल मारली तर?

किनाऱ्याजवळ असाल तर थांबा. जमिनीतलं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी मिळतं. याची उलटी बाजू भयंकर आहे. उपसून पातळी एक फूट उतरवलीत की खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आहे, तिथे खोल जायला वावच नाही. एकाने हावरेपणा केला की शेजारच्या चार विहिरी मचूळ होतात, आणि झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात.

कायदाही आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टना भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई आहे. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात केंद्रीय किंवा राज्य भूजल मंडळाच्या संमतीनेच उपसा करता येतो. महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आहे, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे. बोअरची गाडी बोलावण्याआधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा. तिथले भूवैज्ञानिक जागा बघून सांगतात.

उघडी विहीर असेल तर मोठी मोटर लावून तासाभरात उपसू नका. लहान मोटर, थोडा वेळ, मग विश्रांती. शंभर-दोनशे रुपयांचं टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ठेवा आणि एप्रिलपासून दर आठवड्याला बघा. आकडा चढू लागला की उपसा कमी करायचा, चव बदलायची वाट बघायची नाही.

१४. सांडपाणी बागेला देता येतं का?

अंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं देता येतं, संडासाचं नाही. दोन्हीचे पाइप वेगळे असायला हवेत, म्हणून हा विचार बांधकामाच्या आधी करा. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला, हे आपल्याकडे पूर्वापार आहे. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर लागतात, म्हणजे एका माणसाच्या अंघोळीत एक माड. स्वयंपाकघरातल्या पाण्याला तेल अडवणारी छोटी हौदी हवी, नाहीतर मातीची छिद्रं बुजतात. हे पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका, वास सुटतो. कच्च्या खायच्या पालेभाजीला देऊ नका.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा असं मानक सांगतं. आपला जांभा पाणी झपाट्याने वाहून नेतो, त्यामुळे मी अजून लांब, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला असाच सल्ला देते. वर शोषखड्डा आणि खाली विहीर ही रचना आढळली तर आधी ती बदला, बाकी सगळं नंतर.

१५. पाहुणे स्विमिंग पूल आहे का विचारतात. बांधावा का?

दहा बाय पाच मीटरचा, सव्वा मीटरहून जरा कमी खोल पूल भरायला ६० हजार लिटर लागतात. माणशी ५५ लिटरने हे हजाराहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. त्यावर उन्हाने रोज चार-पाच मिलिमीटर उडतं, म्हणजे दोनशे-अडीचशे लिटर, आणि गाळणी उलटी धुवायची ती वेगळीच. स्वतःच्या बारमाही पाण्याची खात्री नसेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. आधीच बांधलेला असेल तर रात्री झाकण घाला, गाळणी धुतलेलं पाणी निवू देऊन बागेला घ्या, आणि टँकरने पूल भरू नका. रेन डान्सबद्दल विचारूच नका. मे महिन्यात तहानलेल्या गावात पाण्याचा पाऊस पाडणं मला बघवत नाही.

१६. टँकर मागवला तर काय बघायचं?

तो कुठून भरला हे बघायचं. टँकरचं पाणी आकाशातून येत नाही, कुणाच्या तरी विहिरीतून किंवा नदीच्या कोंडीतून येतं. चालकाला विचारा, उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. घेतलंत तर वेगळ्या टाकीत घ्या आणि पिण्याला वापरू नका. वापरायला १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून अर्धा तास थांबा.

१७. पाणी वाचवण्याच्या नादात कुणी आजारी पडणार नाही ना?

पडू शकतो, म्हणून काही ठिकाणी हात आखडायचा नाही. हात धुणं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची भांडी, लहान मुलाचे कपडे, जुलाब लागलेला पाहुणा : तिथे लागेल तेवढं द्या. आणखी एक, पावसाळ्यात खोल्या महिनाभर बंद राहतात. पाइपात पाणी साचून सडतं. नवीन पाहुणा येण्याआधी सगळे नळ आणि शॉवर दोन-तीन मिनिटं सोडा. हे पाणी वाया जात नाही.

१८. पाहुण्यांना सांगायचं कसं? पैसे देऊन आलेल्या माणसाला ‘पाणी जपून वापरा’ म्हणणं बरं दिसतं का?

माझाही अनेक वर्षं हाच संकोच होता. ‘पाणी हे जीवन आहे’ अशा पाट्या लावल्या, कुणी वाचल्या नाहीत. मग एका मुलाने शिकवलं. पुण्याहून आलेला आठेक वर्षांचा मुलगा सोमवारी सकाळी मी दोर सोडत होते तेव्हा शेजारी येऊन उभा राहिला. मी दोर त्याच्या हातात दिला. त्याने ओल्या गाठी मोजल्या : पाच. ‘काकू, एवढंच?’ म्हणाला, आणि न्याहारीला बसलेल्या सगळ्या घराला सांगून आला. त्या कुटुंबाचा त्या दिवसाचा आकडा मी मुद्दाम काढला, बराच खाली आला होता.

तेव्हापासून पाहुणे आले की चहाच्या आधी विहीर दाखवते. खोलीत पाटी आहे, पण तिच्यावर उपदेश नाही, खडूने लिहिलेला आठवड्याचा आकडा आहे : ‘आज विहिरीत पाच गाठी पाणी. याच विहिरीवर खालची नऊ घरं पितात.’ खरा आकडा लिहा. ऑक्टोबरमध्ये वीस गाठी असतील तर वीस लिहा, म्हणजे मेमधल्या पाचावर विश्वास बसतो.

लोक समजून घेतात. केपटाउनमध्ये २०१८ साली दुष्काळ टोकाला गेला तेव्हा शहराने माणशी ५० लिटरची मर्यादा घातली आणि हॉटेलांनी बाथटबची बुचं काढून ठेवली. पाहुणे तरी राहिले.

१९. मी पर्यटक आहे. बुकिंग करताना काय विचारू?

तीन गोष्टी : तुमचं पाणी कुठून येतं, मेमध्ये टँकर लागतो का, आणि सांडपाणी कुठे जातं. मालकाला यांची उत्तरं माहीत असतील तर ते घर बहुधा नीट चालतं. जमत असेल तर मे सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. समुद्र तोच असतो, हवा चांगली असते आणि विहिरीला पाणी असतं. राहिल्यावर गळका नळ दिसला तर सांगा, आम्हाला राग येत नाही.

२०. मे महिन्यात खोल्या कमी भरल्या तर वर्षाची कमाई जाते. बुकिंग नाकारणं कसं परवडेल?

मे २०१८ मध्ये शिमल्यात पाण्याची इतकी ओढाताण झाली की तिथल्या रहिवाशांनीच समाजमाध्यमांवर पर्यटकांना येऊ नका म्हणून विनवलं. जागेचं नाव एकदा असं झालं की एका महिन्याचं नुकसान राहत नाही.

आमचा नियम असा : १५ एप्रिलला रात्रीचा चढाव मोजायचा (प्रश्न ४) आणि त्यावरून मेमध्ये किती खोल्या द्यायच्या ते ठरवायचं. गेल्या वर्षी चार दिल्या, दोन बंद ठेवल्या. दर थोडा वाढवला आणि कारण फोनवरच सांगितलं. दोन टँकरचे आणि चिडून लवकर निघून जाणाऱ्या पाहुण्यांचे पैसे वाचले, ते धरले तर तोटा फार झाला नाही. पण झाला, तो नाकारत नाही.

२१. विहीर आमच्या जागेत आहे, पण वाडीतले लोकही भरतात. आधी कुणाचं पाणी?

कागदावर विहीर आमची आहे. आजोबांनी खणली तेव्हा दगड उचलायला सगळी वाडी आली होती, हे कागदावर नाही. सुरुवातीला ज्या दोन वहिन्यांबद्दल लिहिलं, त्यांच्या घरी मी त्या पावसाळ्यात गेले. बसून ठरवलं ते आजवर पाळतो. पहाटे पाच ते सात विहीर वाडीची, तेव्हा मोटर लावायची नाही. चार गाठींच्या खाली पाणी गेलं की नवं बुकिंग घ्यायचं नाही. दोन गाठींच्या खाली गेलं की खोल्या बंद, आलेल्या पाहुण्याला पैसे परत. विहिरीचा गाळ दर दोन वर्षांनी आम्ही आमच्या खर्चाने काढतो, माणसं वाडी देते.

आता दोर सोडायचं काम त्या दोघींपैकी धाकटीकडे आहे. सोमवारी सकाळी ती वरूनच ओरडून आकडा सांगते आणि मी पाटीवर लिहिते.